तिकीट काढून झालं होतं आणि गायकच गेला: चाहत्यांचं दुःख समजून घेताना

२० जुलै २०१७, गुरुवार. लिंकिन पार्क या अमेरिकन बँडच्या 'टॉकिंग टू मायसेल्फ' या गाण्याचा व्हिडिओ त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. बरोबर आठवड्याने, २७ जुलैला, मॅसॅच्युसेट्समधल्या मॅन्सफील्डहून बँडचा उत्तर अमेरिकेचा दौरा सुरू व्हायचा होता. दौरा तोंडावर आला की चाहत्यांच्या ग्रुपांवर जे चालतं ते चालू होतं. कोण कुठल्या शहरात जाणार, युरोपात वाजवलेली गाणी इकडेही वाजवतील का, पुढे उभं राहायचं तर रांगेत किती वाजता लागायचं. आणि मग बातमी आली की गायक चेस्टर बेनिंग्टन याने लॉस एंजेलिसजवळच्या राहत्या घरी आयुष्य संपवलं. वय ४१. भारतात तेव्हा मध्यरात्र होत होती.

हा बँड ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: २००० साली रॅप आणि हेवी मेटल एकत्र करून यांनी पहिला अल्बम काढला आणि जगभर धुमाकूळ घातला. माइक शिनोडा रॅप करायचा, चेस्टर गायचा आणि टिपेला जाऊन ओरडायचा. त्या दशकात ज्यांनी आपल्याकडच्या इंजिनिअरिंग होस्टेलांत दिवस काढले, त्यांना शेजारच्या खोलीतून येणारा तो टाहो वेगळा सांगायला नको.

बातमीनंतर त्याच ग्रुपांवर, त्याच लोकांनी, काही ठिकाणी तर तिकिटांच्या त्याच चर्चेखाली शोक करायला सुरुवात केली. बाहेरच्या माणसाला हे जरा अतीच वाटतं. ज्याला कधी भेटला नाहीस त्याच्यासाठी एवढं काय? या प्रश्नाला मानसशास्त्रात आणि समाजशास्त्रात बरीच उत्तरं आहेत आणि ती फार अवघडही नाहीत. माझ्या मते त्या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. अशा दुःखाला समाजाने घालून दिलेली रीत नसते. म्हणून चाहते ती रीत कॉन्सर्टच्या उत्साहातून उसनी घेतात. दोन दिवसांपूर्वी ज्या सवयींनी आनंद साजरा होत होता, त्याच सवयी शोकाच्या कामी येतात.

कॉन्सर्ट सुरू होते तिकीट काढल्या दिवशी

आधी उत्साहाचं बघू. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांचं अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन कुठे आणि कधी स्रवतं ते पाहिलं. काटा येतो त्या क्षणी मेंदूचा एक भाग कामाला लागतो, आणि 'आता येणार, आता येणार' अशी वाट पाहताना दुसराच. म्हणजे वाट पाहणं हा मेंदूच्या लेखी मुख्य कार्यक्रमाआधीचा रिकामा वेळ नाही. त्याचं स्वतःचं वेगळं सुख आहे. प्रयोग काही सेकंदांच्या वाट पाहण्याचा होता. तो महिन्यांवर ताणणं शास्त्रज्ञांना रुचणार नाही. पण ज्याने एप्रिलमध्ये ऑगस्टचं तिकीट काढलं आहे त्याला विचारा, मधले महिने त्याने कशावर काढले.

या वाट पाहण्याला इंटरनेटमुळे सोबत मिळाली. पूर्वी पोस्टर बघायचं आणि दिवस मोजायचे, तेही एकट्याने. आता सेटलिस्ट डॉट एफएमसारख्या साइटवर कुठल्या शहरात, कुठल्या तारखेला, कुठल्या क्रमाने कुठली गाणी वाजली याच्या नोंदी चाहतेच करतात. २०१७ च्या उन्हाळ्यात लिंकिन पार्क युरोपात फिरत होता, तेव्हा अमेरिकेतले चाहते या याद्यांवर लक्ष ठेवून होते. 'क्रॉलिंग' हे एकेकाळी किंचाळून म्हटलेलं गाणं या दौऱ्यात चेस्टर नुसत्या पियानोवर, संथ लयीत म्हणत होता. 'वन मोअर लाइट' म्हणताना तो स्टेजवरून खाली उतरून कठड्याशी, लोकांच्या अगदी समोर जाऊन उभा राहायचा. याचे मोबाइलवर घेतलेले हलते, फाटक्या आवाजाचे व्हिडिओ रोज येत होते. काहीजण ते अधाशासारखे बघायचे, तर काहीजण आपल्या शहरात कार्यक्रम होईपर्यंत बघायचे नाहीत म्हणून ग्रुपवरून गायब व्हायचे. न बघणाऱ्यांसाठी पोस्टच्या वर इशारा लिहायचा, हा शिष्टाचारही ठरलेला.

प्रत्यक्ष कार्यक्रमात जे होतं त्याचं नाव फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १९१२ मध्येच देऊन ठेवलंय. त्याचा विषय धर्म होता. माणसं एका जागी, एकाच गोष्टीवर लक्ष लावून, एका तालात हालचाल करू लागली की एक सामूहिक उधाण येतं आणि प्रत्येकाला आपण आपल्याहून मोठ्या कशाचा तरी भाग आहोत असं वाटतं, असं त्याचं म्हणणं. हजारो माणसं एकच ओळ एकाच श्वासात म्हणतात तेव्हा काय होतं, ते मैफलीत मान डोलावणाऱ्यालाही कळेल आणि मैदानात उड्या मारणाऱ्यालाही.

तर तिकीट काढलेला चाहता महिनोनमहिने या उधाणाची पूर्वतयारी करत असतो. बातमी येते तेव्हा तो भरलेला असतो.

तुझा कोण लागत होता?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्ये एक लेख लिहिला. टीव्ही तेव्हा नुकता घरोघरी पोचत होता. पडद्यावरचा निवेदक थेट आपल्याकडे बघून, आपल्याशीच बोलल्यासारखं बोलतो आणि प्रेक्षकाला तो हळूहळू ओळखीचा वाटायला लागतो, हे त्यांनी टिपलं. प्रेक्षक त्याला ओळखतो, तो प्रेक्षकाला ओळखत नाही. या एकतर्फी नात्याला त्यांनी जे नाव दिलं ते आज 'पॅरासोशल' म्हणून सगळीकडे ऐकू येतं, बहुतेकदा टिंगलीच्या सुरात. मूळ लेखात टिंगल नव्हती. बहुतेक माणसांसाठी असं नातं ही रोजच्या आयुष्यातली साधी गोष्ट आहे, असंच त्यांचं मत होतं.

चेस्टरच्या बाबतीत हे नातं आणखी घट्ट होतं, कारण त्याने काही लपवलं नव्हतं. लहानपणी झालेलं लैंगिक शोषण, दारू, ड्रग्ज, नैराश्य, या सगळ्याबद्दल तो मुलाखतींत बोलायचा आणि गाण्यांतून तर ते ओतलेलंच होतं. घरात ज्याविषयी चकार शब्द काढता येत नाही ते कोणीतरी जगासमोर ओरडून सांगतंय, हे पंधराव्या वर्षी ऐकलेला मुलगा त्याला विसरत नाही. म्हणून त्याच्या मृत्यूनंतर पडलेल्या पोस्टींमध्ये 'मला तुझी आठवण येईल' यापेक्षा 'तुझ्या गाण्याने मला त्या वर्षी जगवलं' हे जास्त होतं. आणि त्याच्या पोटात एक भीती होती, जी थोड्यांनीच लिहिली: ज्याचा आवाज धरून मी बाहेर आलो तोच बुडाला, मग माझं काय? एखादा कलाकार अपघातात किंवा आजारपणात गेला की दुःख होतं, धक्का बसतो. ही भीती मात्र आत्महत्येच्या बातमीबरोबर येते, आणि तिच्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

पॅरासोशलवाल्यांच्या मांडणीतून एक गोष्ट मात्र सुटते. चाहत्याचं गायकाशी असलेलं नातं एकतर्फी असेल, पण चाहत्याचं चाहत्याशी असलेलं नातं पुरतं दुतर्फी असतं. लिंकिन पार्कचा अधिकृत फॅनक्लब २००१ पासून चालत होता. त्यात ओळखी झालेले लोक एकमेकांकडे मुक्कामाला जात होते, एकत्र दौऱ्यांवर फिरत होते. गायक गेला तेव्हा या लोकांची भेटायची जागाही गेली. पुढच्या महिन्यात ज्याला पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटायचं ठरलं होतं तो आता कुठे भेटणार? रद्द झालेल्या दौऱ्याबद्दल हळहळणं म्हणजे मेलेल्या माणसापेक्षा तिकिटाची काळजी, असे टोमणे मारले जातात. ते खरं नाही. तिकीट ही त्या भेटीची तारीख असते.

पहिले काही तास

बातमी आधी एका सेलिब्रिटी गॉसिप साइटवर आली आणि बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया होती, 'थापा मारतायत.' ते साहजिक होतं. नामवंतांच्या मरणाच्या खोट्या बातम्या इंटरनेटवर सतत फिरत असतात आणि मुरलेला चाहता त्या दहादा पचवून बसलेला असतो. शिवाय त्याच दिवशी नवा व्हिडिओ आलेला. मग माइक शिनोडाने ट्वीट केलं की धक्का बसलाय, मन मोडलंय, पण हे खरं आहे. अधिकृत निवेदन तयार झालं की देऊ. त्या एका ट्वीटपर्यंतचा वेळ फार वाईट असतो, कारण त्या वेळात माणूस अजून शोकात नसतो, फक्त सैरभैर असतो. तीच पानं पुन्हा पुन्हा उघडतो. कोणीतरी खोटं ठरवेल म्हणून थांबतो.

सगळे एकाच वेळी पानं उघडायला लागले की काय होतं ते २५ जून २००९ ला दिसलं होतं. मायकल जॅक्सन गेल्याची बातमी फुटली आणि एवढे लोक एकदम शोधायला लागले की गूगल न्यूजच्या यंत्रणेला हा हल्लाच वाटला. नाव शोधणाऱ्यांना काही काळ एररचं पान दिसत होतं. तुमची विचारणा एखाद्या व्हायरसने केल्यासारखी वाटते, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. माणसांच्या घालमेलीचं याहून कोरडं वर्णन मी वाचलेलं नाही.

२०१७ मध्ये यंत्रणा टिकल्या, पण चाहते वेगवेगळ्या वेळी हादरले. अमेरिकेत दुपार, युरोपात संध्याकाळ, भारतात मध्यरात्र. सकाळी उठून ज्यांनी आधी रात्रीचे उत्साहाचे मेसेज वाचले आणि स्क्रोल करत करत बातमीपर्यंत आले, त्यांनी काही तासांचा बदल एका मिनिटात अनुभवला.

चुटपुट आणि धोका

आता थोडं नाजूक. 'वन मोअर लाइट' हा अल्बम १९ मे २०१७ ला आला होता आणि जुन्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांनी तो झोडपला होता. फार पॉप झाला, विकले गेले, वगैरे. चेस्टर त्यावर मुलाखतींत चिडून बोललाही होता. दोन महिन्यांनी तो गेला आणि तीच माणसं आपल्या जुन्या कमेंट उघडून बघू लागली. काहींनी पुसून टाकल्या. माझ्या एका ओळीमुळे तर नाही ना, ही चुटपुट लागली.

मागे वळून बघताना सगळं आधीच दिसत होतं असं वाटणं, याला मानसशास्त्रात पश्चदृष्टीचा भ्रम म्हणता येईल. बारूख फिशहॉफ या संशोधकाने १९७५ मध्ये त्यावर प्रयोग केले होते. निकाल कळला की माणसाला वाटतं, हे तर मला आधीच कळायला हवं होतं. चेस्टरच्या गाण्यांत सतरा वर्षं वेदनाच होती. २० जुलैनंतर मात्र प्रत्येक ओळ 'इशारा' ठरली. त्यातच साउंडगार्डन या बँडचा गायक क्रिस कॉर्नेल, चेस्टरचा जवळचा मित्र, त्याच वर्षी १८ मे रोजी असाच गेला होता. चेस्टर त्याच्या अंत्यविधीत गायला होता. आणि २० जुलै हा कॉर्नेलचा वाढदिवस. एवढे धागे हाती लागल्यावर त्यांची गोष्ट विणायचा मोह कोणाला होणार नाही?

पण ही गोष्ट विणणं धोक्याचं आहे. आत्महत्या बहुधा एका कारणाने होत नाही. आजार, व्यसन, जुन्या जखमा, त्या दिवसाची अवस्था असं बरंच काही एकत्र येतं. वाईट कमेंटमुळे किंवा मित्रासाठी जीव दिला, अशी सुटसुटीत मांडणी केली की ती कारणमीमांसा न राहता दंतकथा होते, आणि ऐकणाऱ्यांत जो आधीच काठावर आहे त्याला ती ओढते. डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दाखवलं की गाजलेल्या आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात. गटेच्या अठराव्या शतकातल्या कादंबरीच्या नायकावरून त्याने याला 'वेर्थर परिणाम' म्हटलं. अभिनेता रॉबिन विल्यम्स ऑगस्ट २०१४ मध्ये गेला. त्यानंतरच्या महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के जास्त आत्महत्या झाल्याचं पुढे अभ्यासकांनी मोजलं.

याची दुसरी, कमी सांगितली जाणारी बाजू अशी की बोलण्याच्या पद्धतीने जीव वाचतातही. व्हिएन्नाच्या मेट्रोत १९८० च्या दशकात आत्महत्या वाढल्या होत्या. वर्तमानपत्रं त्या सविस्तर, रंगवून छापत. १९८७ मध्ये बातम्या कशा द्याव्यात याबद्दल सूचना दिल्या गेल्या, बातम्यांचा सूर बदलला आणि मेट्रोतल्या आत्महत्या झपाट्याने घटल्या. संकटातून बाहेर आलेल्या माणसाच्या गोष्टीने ऐकणाऱ्याला बळ मिळतं, याला २०१० पासून 'पापागेनो परिणाम' म्हणतात. मोझार्टच्या ऑपेरातलं हे पात्र जीव द्यायला निघतं आणि तीन मुलं त्याला दुसरा मार्ग आठवून देतात. चेस्टर गेला त्याच वर्षी लॉजिक या अमेरिकन रॅपरचं एक गाणं आलं होतं, ज्याचं नावच हेल्पलाइनचा नंबर होतं. ते गाणं सर्वाधिक चर्चेत असतानाच्या दिवसांत हेल्पलाइनवरचे फोन सुमारे ७ टक्क्यांनी वाढले आणि आत्महत्या घटल्या, असं २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं.

चाहत्यांच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनसाठी याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. कसं केलं याचा तपशील आला की उडवायचा. घराबाहेरचे फोटो, पोलिसांचे कागद यांना थारा नाही. 'आता त्याला शांती मिळाली' हे वाक्य प्रेमाने लिहिलेलं असलं तरी ते सुटकेचा मार्ग सुचवतं, म्हणून तिथे हळूच टोकायचं. हेल्पलाइन सगळ्यात वर लावून ठेवायची. 'मलाही जगायचं नाही' असं कोणी लिहिलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, सरळ विचारायचं आणि बोलतं ठेवायचं. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो, ही समजूत चुकीची आहे. बँडने चेस्टरच्या स्मरणार्थ जे वेबपेज काढलं त्यावरही हेल्पलाइनची माहिती होती. आपल्याकडे सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. हे वाचताना तुम्हालाच गरज वाटत असेल तर लेख इथेच ठेवा आणि आधी फोन करा.

सुतक नसलेलं दुःख

घरात कोणी गेलं तर काय करायचं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. सुतक लागतं. स्वयंपाक शेजारचे पाठवतात, कोण कधी भेटायला येणार ते ठरलेलं असतं, दहाव्याला काय, तेराव्याला काय याचा आराखडा असतो. त्यातल्या कर्मकांडाशी तुमचं पटो न पटो, पण त्या दिवसांत माणसाला हातपाय कुठे ठेवायचे ते कळतं. आणि मुख्य म्हणजे ऑफिसात सांगता येतं, की सुतक आहे, येत नाही.

गायक गेला म्हणून कोण रजा देणार? अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. समाज ज्या दुःखाला मान्यता देत नाही, उघडपणे करू देत नाही, ते दुःख. त्यांच्या यादीत घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू, गर्भपात, पाळीव प्राण्याचं जाणं अशा गोष्टी येतात. चाहत्याचं दुःख त्या यादीत अगदी चपखल बसतं. घरचे म्हणतात, जेवून घे आता, पुरे झालं.

मग चाहते आपली रीत स्वतः घडवतात आणि सामान कॉन्सर्टचंच वापरतात. आधी सेटलिस्टच्या नोंदी. शेवटचा कार्यक्रम कुठला? ६ जुलै, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. दुसऱ्या दिवशी मँचेस्टर अरीनात कार्यक्रम होता, पण २२ मे रोजी अरियाना ग्रांडेच्या कॉन्सर्टनंतर तिथे बॉम्बस्फोट होऊन २२ जण मारले गेले होते, त्यामुळे तो आधीच रद्द झालेला. म्हणजे मँचेस्टरचं तिकीट ज्यांच्याकडे होतं त्यांनी एका उन्हाळ्यात दोनदा बातमी ऐकली. बर्मिंगहॅमची यादी, जी दोन आठवड्यांपूर्वी 'पुढच्या शहरात काय वाजेल' याचा अंदाज बांधायला उघडली जायची, ती आता वेगळ्याच कारणाने उघडली जाऊ लागली. कठड्याशी उभं राहून गाणाऱ्या चेस्टरचे ते फाटक्या आवाजाचे व्हिडिओही तसेच. 'वन मोअर लाइट' हे गाणं मुळात बँडच्या एका दिवंगत मैत्रिणीसाठी लिहिलेलं होतं. कॉर्नेल गेला त्या दिवशी त्यांनी ते अमेरिकन टीव्हीवर त्याच्यासाठी म्हटलं होतं. आता चाहत्यांनी ते चेस्टरसाठी घेतलं. शोकगीत शोधायला लागलंच नाही, ते दौऱ्याच्या यादीतच होतं.

चेस्टरच्या घरच्यांनीही हीच भाषा वापरली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. २९ जुलैला झालेल्या खासगी अंत्यविधीत आलेल्यांना गळ्यात अडकवायचे पास दिले होते, त्यावर चेस्टरचा फोटो, अगदी बॅकस्टेजला मिळतात तसे. तिथे स्टेजही उभारलं होतं. मग २७ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोलमध्ये बँडने स्मरणाची कॉन्सर्ट केली. तिकिटं विकली गेली, रांगा लागल्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण झालं. 'नम्ब' हे गाणं सुरू झालं तेव्हा मध्यभागी फक्त मायक्रोफोनचा स्टँड होता, त्याला फुलं लावलेली, आणि चेस्टरची ओळ प्रेक्षकांनी म्हटली. दुर्खीमला हे आवडलं असतं. तो शोकाच्या विधींबद्दलही तेच म्हणत होता, की एकत्र केलेला शोक गटाला पुन्हा उभं करतो.

पैशांचा भाग त्यामानाने साधा आहे. दौरा दुसऱ्याच दिवशी रद्द जाहीर झाला आणि तिकिटांचे पैसे परत. पण परत घ्यायचे की नाहीत हा प्रश्न सगळ्यांना साधा वाटत नाही. मायकल जॅक्सनच्या लंडनच्या ओटू अरीनातल्या ५० कार्यक्रमांचे आयोजक हे ओळखून होते. पैसे घ्या किंवा खास छापलेलं तिकीट आठवण म्हणून ठेवा, असे दोन पर्याय त्यांनी दिले. व्यापारी डोकं म्हणा हवं तर, कारण ठेवलेल्या प्रत्येक तिकिटामागे परतावा वाचत होता. तरी ज्यांनी ठेवलं त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटलं असेल असं मला वाटत नाही. १ नोव्हेंबर १९९६ च्या अंधेरीतल्या जॅक्सनच्या कार्यक्रमाचं तिकीट मुंबईत कोणाकोणाच्या कपाटात अजून असणारच.

राग ही आणखी एक वाट. ३१ मे २०२२ ला कोलकात्याच्या नजरुल मंचावर कॉलेजच्या कार्यक्रमात गायल्यानंतर काही तासांतच केके गेला. मुंबईकरांचा तो शेजारी, वर्सोव्यात त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. कार्यक्रमात घाम पुसणारा, मग माणसांच्या गराड्यात बाहेर नेला जाणारा केके मोबाइलच्या व्हिडिओंत दिसत होता. गर्दी, उकाडा, आयोजन यावर लोक तुटून पडले. रूपंकर बागची या बंगाली गायकाने नेमकी त्याच सुमारास केकेच्या लोकप्रियतेबद्दल कुरकुर करणारी एक क्लिप टाकली होती, त्याच्यावर तर एवढी शिवीगाळ झाली की त्याला माफी मागावी लागली. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला. गर्दी आणि हवा यांबद्दलचे प्रश्न रास्त होते, विचारायलाच हवे होते. बागचीवरचं खापर मात्र निव्वळ दुःखाला तोंड फुटायला जागा हवी म्हणून फुटलं. रागाला निदान पत्ता असतो, दुःखाला नसतो.

नवी गायिका, जुनं नातं

शोक म्हणजे गेलेल्याला सोडून पुढे जाणं, असं मानसशास्त्र बराच काळ मानत होतं. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी वेगळं मांडलं. माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते चालू ठेवतात. आपल्याला यात नवीन काही वाटणार नाही, पितृपक्ष पाळणाऱ्यांना तर नाहीच. माइक शिनोडाने २०१८ मध्ये एकट्याने दौरा केला तेव्हा चेस्टरच्या काही ओळी तो लोकांवर सोडून देई. लोकांना पाठ होत्याच.

५ सप्टेंबर २०२४ ला बँड परतला, एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका घेऊन, आणि चाहत्यांत उभी फूट पडली. एका गटाला पुन्हा तिकीट काढायला मिळालं याचाच आनंद. दुसऱ्या गटाचं म्हणणं, नाव बदला आणि मग काय ते करा. बाहेरून हे भांडण गायकीवरचं दिसतं. खरं तर दोन्ही बाजू एकाच नात्याबद्दल बोलत होत्या: चेस्टरची ओळ प्रेक्षकांनी म्हणायची रीत पडली होती, ती आता दुसऱ्या कोणी स्टेजवरून म्हणायची का? मला स्वतःला पहिल्या गटाचं पटतं. रीत दुःखासाठी बनली होती, बँड बंद ठेवण्यासाठी नाही. पण दुसऱ्या गटाला 'पुढे जा' म्हणून झिडकारणाऱ्यांनी हे नातं समजूनच घेतलेलं नाही.

चेस्टर असताना हा बँड भारतात कधी आला नाही. नव्या फळीने जानेवारी २०२६ चा मुंबईचा लोलापलूझा इंडिया महोत्सव जाहीर केला, तेव्हा होस्टेलवाली ती पिढी चाळिशीला टेकली होती. ग्रुपवर पहिला प्रश्न महालक्ष्मी रेसकोर्सवर पावणेदोन तास उभं राहायला गुडघे साथ देतील का, हा होता. दुसरा, युरोपात काय वाजवलं त्याची यादी कोणाकडे आहे का.